पोटमाळ्यावरून उतरलेलं मोजमापाचं यंत्र कशासाठी होतं, हे ओळखायचा क्रम

चाळ पुनर्विकासाला निघाली की पोटमाळे रिकामे होतात आणि मला फोटो यायला लागतात. पितळेचं काहीतरी, त्यावर आकडे, खाली एकच ओळ: "आजोबांचं आहे, काय असेल?" फोटोतली वस्तू बहुतेक वेळा लखलखीत असते. तिथेच माझं अर्धं काम बुडालेलं असतं.

चुका ठरलेल्या आहेत आणि त्या चुकांचा क्रमही ठरलेला आहे. आधी वस्तू घासतात. मग फोटो टाकून मोबाइलवर शोधतात. मग बाजारात नेऊन किंमत विचारतात. आणि सगळं आटोपल्यावर आठवतं की गावाकडच्या आत्याला विचारायचं राहिलं. खरा क्रम जवळजवळ याच्या उलटा आहे. मोबाइलला गोल पितळी चकती दिसली की तो "जहाजावरचं" म्हणून मोकळा होतो, कारण तो आकार जुळवतो. यंत्र कशासाठी होतं ते मात्र त्याच्या आकड्यांत आणि मोजायची वस्तू जिथे लागायची त्या भागात असतं.

खाली लालबागच्या एका घरातल्या वस्तूचं उदाहरण अधूनमधून येईल. ओतीव लोखंडाचा पाय, त्यावर पाव वर्तुळाची पितळी कमान, कमानीवरून फिरणारा काटा, आणि काट्याच्या दुसऱ्या टोकाला एक आकडा. अडकवायचा आकडा, मोजायचा नव्हे. घरच्यांची खात्री होती की हे "हवा मोजायचं" यंत्र आहे.

## तयारी

टेबलावर पांढरी चादर घाला आणि तिच्यावर उंच काठाची परात ठेवा. यंत्र परातीतच हाताळायचं. शंभर वर्षांपूर्वीचा स्क्रू घरंगळून फरशीच्या फटीत गेला तर तसा दुसरा मिळत नाही, कारण त्याचे आटे आजच्या मापाचे नसतात.

जवळ ठेवा: दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, मऊ कोरडा ब्रश, फ्रिजवरचं लोहचुंबक, मिलिमीटरची स्टीलची पट्टी, वही आणि पेन्सिल. शिवाय ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला इलेक्ट्रॉनिक काटा. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही, तो एकेक ग्रॅमच्या उड्या मारतो.

जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. काढलंच तर घामट हातांनी लोखंड आणि पोलाद धरू नका, दोन दिवसांत बोटांचे ठसे गंजून वर येतात.

## टप्पा १: घासू नका, उघडू नका

जुन्या चांगल्या यंत्रांच्या तबकड्या पितळेच्या असूनही रुपेरी पांढऱ्या दिसतात. तो चांदीचा अगदी पातळ थर असतो. आकडे कोरून त्यांत काळं मेण भरलेलं असतं. चिंच-मीठ किंवा पितांबरी लावली की आधी रुपेरीपणा जातो, मग मेण, मग बारीक रेषा. शिकाऊ असताना मी बॅरोमीटरची एक तबकडी समईसारखी घासली होती. आमचे फोरमन एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी ती तबकडी माझ्या बाकासमोर खिळ्याला अडकवली आणि दोन वर्षं काढू दिली नाही.

कोरड्या ब्रशनं सुटी धूळ झटका, तीसुद्धा पेटी तपासून झाल्यावर. त्यापुढे काही नाही.

सावधान, पारा: काचेच्या नळीत चंदेरी द्रव हलत असेल तर यंत्र आडवं-उलटं करू नका. पारा सांडलाच तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्यानं तो पसरतो. मुलांना बाहेर पाठवा, खिडक्या उघडा, हातातल्या बांगड्या-अंगठ्या आधी काढा (पारा सोन्याला चिकटून ते खराब करतो), जाड कागदानं थेंब गोळा करून झाकणाच्या काचेच्या बाटलीत बंद करा. मोरीत ओतू नका.

सावधान, रेडियम: होकायंत्र, विमानातली किंवा लष्करातली घड्याळासारखी यंत्रं यांच्या काट्यांवर पिवळट-तपकिरी जाड रंग असेल तर काच उघडू नका. १९६० च्या आसपासपर्यंत असा रंग वापरात होता. अंधारात चमकत नाही म्हणजे निर्धोक झालं, असं नाही. चमक देणारं द्रव्य मरतं, रेडियम राहतं.

## टप्पा २: पेटी आधी वाचा

यंत्र बाजूला ठेवून रिकाम्या पेटीकडे बघा. आतल्या मखमलीतले किंवा लाकडातले खळगे मोजा. कोणता खळगा रिकामा आहे? हरवलेल्या भागाचा आकार तिथे जसाच्या तसा राहिलेला असतो. पितळी तरंगता फुगा, त्याला वर चपटी दांडी, आणि पेटीत १० पासून ९० पर्यंत आकडे कोरलेली छोटी वजनं ओळीनं बसवायची जागा, असं असेल तर तो साइक्सचा हायड्रोमीटर, दारूतल्या मद्यार्काचं प्रमाण पाहायचा. तो आबकारी खात्यातल्या किंवा दारूच्या गोदामातल्या माणसाच्या घरी निघतो. एकही वजन उरलं नसलं तरी खळगे सगळं सांगून जातात.

मग कोपऱ्यांतला कचरा बघा. तो फेकू नका, कागदाच्या पुडीत ठेवा. कापसाची पुसट लव, धातूचा कीस, छपाईची शाई, मेण, सुकलेली खडू-पूड यांतलं काय आहे? लालबागच्या यंत्राच्या आकड्याला अर्धा इंच सूत गुंडाळलेलं होतं. घरातल्या मुलीनं ते "घाण" म्हणून ओढून काढायला हात घातला होता, वेळेवर थांबवलं.

पडताळा: पेटी त्याच यंत्राची आहे का? यंत्र खळग्यात डुगडुगत असेल किंवा झाकण पूर्ण बसत नसेल तर पेटीवरून काही ठरवू नका. रिकाम्या पेट्या घरोघरी परत वापरल्या जातात.

## टप्पा ३: घरातल्या माणसांना विचारा, पण नीट

"आजोबा काय करायचे?" याला उत्तर येतं, "मिलमध्ये होते." त्याचा काही उपयोग नाही. मिलमध्ये घड्याळ लावणाऱ्यापासून बॉयलर चालवणाऱ्यापर्यंत सगळे होते. विचारायचं असं: कोणत्या खात्यात? कपड्यांवर काय लागलेलं असायचं, कापूस, खळ, तेल की रंग? बसून काम की उभ्यानं? ही वस्तू घरी कधी आली, नोकरी चालू असताना की नंतर? १९८२ च्या संपानंतर आणि पुढे एकेक मिल बंद पडत गेली तेव्हा भंगारात निघालेल्या वस्तू लोकांनी आठवण म्हणून घरी आणल्या. अशी वस्तू आजोबांच्या स्वतःच्या कामाचीच असेल असं नाही, शेजारच्या खात्याचीही असू शकते.

माझा अनुभव असा की पुरुषांना हुद्दा आठवतो, बायकांना काम आठवतं. कपडे त्यांनी धुतलेले असतात.

इशारा: आपला अंदाज आधी सांगू नका. "आजी, हे हवामानाचं होतं ना?" म्हटलं की आजी हो म्हणते, आणि ते "हो" मग पुरावा म्हणून घरभर फिरतं.

## टप्पा ४: नाव आणि शिक्के

टॉर्च आडवा धरा. समोरून न दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात उठतात. तबकडी, पायाची खालची बाजू, काट्याची पाठ, पेटीच्या झाकणाची आतली बाजू, असं सगळीकडे बघा आणि जसं आहे तसं उतरवून घ्या, बिंदू आणि स्वल्पविरामासकट.

सगळ्यात मोठी गफलत इथे होते: कोरलेलं नाव बनवणाऱ्याचंच असतं असं नाही, विकणाऱ्याचंही असतं. फोर्टमधल्या लॉरेन्स अँड मेयोचं नाव दिसलं की लोक "चष्म्याचं काहीतरी" म्हणतात. ती पेढी सर्वेक्षणाची यंत्रंही विकत असे. उलट काही नावं वाट दाखवतात. मँचेस्टरची गुडब्रँड सूत-कापड तपासायची यंत्रं बनवी, बर्मिंगहॅमची एव्हरी तराजू आणि वजनं, कलकत्त्याचं मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिस सरकारी मोजणीची.

काळ ठरवायला पत्ता उपयोगी. लंडनच्या पत्त्यात टपाल विभागाची नुसती "ई.सी." ही अक्षरं असतील तर बहुधा १९१७ च्या आधीचं, "ई.सी. १" असा आकडा असेल तर त्या वर्षीचं किंवा नंतरचं. ब्रिटिश पेटंटचा क्रमांक एक लाखाच्या पुढचा असेल तर १९१६ किंवा नंतर, त्याआधी दर वर्षी क्रमांक नव्यानं सुरू होत. "डी.आर.जी.एम." ही जर्मन नोंदणीची खूण, १८९१ च्या आधी सापडणार नाही. बाणासारखी तीन रेघांची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता.

इशारा: मोठ्या अक्षरांत लंडनचं प्रसिद्ध नाव, ठळक साल आणि आकडे मात्र अंदाजे कोरलेले, अशा नव्या पितळी दुर्बिणी आणि होकायंत्रं बाजारात ढिगानं आहेत. आजोबाही कधीतरी चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर हौसेनं फिरले असतील, हे विसरू नका. खऱ्या यंत्राच्या रेषा भिंगाखाली एकसारख्या जाडीच्या दिसतात.

## टप्पा ५: स्केल

या टप्प्याला एक अख्खी संध्याकाळ द्या. स्केलवरचे सगळे आकडे वहीत उतरवा आणि प्रत्येक दोन आकड्यांमधलं अंतर पट्टीनं मोजून लिहा. मग चार प्रश्न.

शून्य आहे का, आणि कुठे? लालबागच्या कमानीवर शून्यच नव्हतं. वजन वाढलं की काटा लहान आकड्याकडे जायचा. घरच्यांना ते "बिघडलंय" असं वाटलं. पण जिथे बारीक वस्तूला मोठा नंबर देतात तिथे असंच असतं. सुताचा इंग्रजी नंबर, म्हणजे काउंट, हा एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात त्याचा आकडा. सूत जितकं बारीक तितका नंबर मोठा. तारेच्या गेजचंही तसंच, मोठा नंबर म्हणजे बारीक तार. (त्या गोल चकतीत तार कडेच्या खाचेत बसवून मोजतात, आतल्या गोल भोकात नव्हे. हीही नेहमीची चूक.)

अंतरं सारखी आहेत का? कमानीवर १० ते २० मध्ये ऐसपैस जागा आणि ४० ते ८० दाटीवाटीत होते. अशी दाटी म्हणजे भागाकार लपलेला आहे. वजन किंवा लांबी थेट वाचणाऱ्या यंत्राची अंतरं साधारण सारखी असतात.

मोठ्या खुणेत बारीक भाग किती? दहा भाग दिसले की लोक मेट्रिक समजतात, पण इंचाचेही दहा भाग करत. सोळा भाग सगळ्यात फसवे. पौंडात १६ औंस, रुपयात १६ आणे, आणि आपल्याकडच्या जमीन मोजणीत ३३ फुटांच्या साखळीतही १६ आणेच. लांब लोखंडी साखळी निघाली तर कड्या मोजा: १०० कड्या आणि ६६ फूट असेल तर गुंटरची, म्हणजे इंग्रजी मोजणीची, ३३ फूट आणि १६ भाग असेल तर आपली शंकू साखळी. लांबी-रुंदीला अशी एकेक साखळी म्हणजे एक गुंठा. मायक्रोमीटरच्या फिरत्या नळीवर २५ भाग असतील तर इंचाचा, ५० असतील तर बहुधा मिलिमीटरचा.

सुरुवात आणि शेवट कुठे? काचेच्या तरंगत्या नळीवर २४ ते ४८ आकडे दिसले की घरात "ताप मोजायचं" ठरतं. तो ट्वाडेल हायड्रोमीटर, संचातला दुसरा नंबर. पहिला ० ते २४ चा असतो. सायझिंग (सुताला खळ देणं), ब्लीचिंग, रंगाई या खात्यांत द्रावणाची घनता बघायला तो लागे. आकड्याला २०० नं भागून १ मिळवा, की पाण्याच्या तुलनेत घनता मिळते. २४ म्हणजे १.१२. आणि स्केलवर १/३२, २/३२ असे अपूर्णांक असतील तर घर गोदीचं किंवा बोटीवरच्या माणसाचं. तो बॉयलरच्या पाण्यातलं मीठ बघायचा सॅलिनोमीटर, कारण समुद्राच्या पाण्यात साधारण बत्तिसावा भाग मीठ धरत.

पट्ट्या "चुकीच्या" निघाल्या तर आनंद माना. फूटपट्टी स्टीलच्या पट्टीशी लावून बघा. फुटाला सुमारे १/८ इंच जास्त भरली तर ती पॅटर्न मेकरची, म्हणजे ओतकामाचे नमुने करणाऱ्याची. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मोठा करावा लागतो. परळ किंवा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपातल्या घरात अशी पट्टी निघाली तर नवल नाही. पितळी पट्टीवर ७२ भाग असून ती फुटाला मिलिमीटरभर कमी भरली तर ती छापखान्यातली, पायका या छपाईच्या मापाची. सहा पायका म्हणजे जेमतेम एक इंच. गिरगावातल्या खिळे जुळवणाऱ्यांच्या हातातली.

वजनांचा डबा असेल तर वाचत बसू नका, तोला. ११.६६ ग्रॅम म्हणजे तोळा, ५.८३ अर्धा, २.९२ पाव, ०.९७ मासा. हा डबा सोनाराकडचा. चांदीचा जुना रुपयाही ११.६६ च भरतो, म्हणून तो वजन म्हणून वापरला जाई. १.३० आणि ३.८९ ग्रॅमची वजनं असतील तर ती औषधांची, आजोबा कंपाउंडर होते का विचारा. ३१.१ म्हणजे ट्रॉय औंस, २८.३५ म्हणजे साधा.

पडताळा: मेट्रिक वजनं आपल्याकडे १९५८ च्या ऑक्टोबरपासून येऊ लागली. बाजारात वापरलेल्या देशी तराजूवर ग्रॅम असतील तर तो त्यानंतरचा असण्याचीच शक्यता जास्त. प्रयोगशाळेतल्या वस्तूंना हा नियम लावू नका, तिथे ग्रॅम फार आधीपासून होता.

## टप्पा ६: वस्तू कुठे लागायची?

आता यंत्राचा तो भाग शोधा जिथे मोजायची वस्तू टेकत, लटकत, बुडत किंवा अडकत होती. झीज तिथेच असते. पकडीची टोकं चपटी असतील तर पत्रा किंवा कागद, टोकदार असतील तर आटे किंवा खाच, आतून गोलाकार असतील तर नळी. घडीचं छोटं पितळी भिंग, तळाला बरोबर एक इंचाची चौकोनी खिडकी, म्हणजे कापडातले धागे मोजायचं पिक ग्लास. पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग म्हणून ते विकलं जातं.

झीज स्केलच्या एकाच भागात असेल तर त्या यंत्राचं रोजचं काम त्या मापाचं होतं.

## टप्पा ७: अंदाज बांधा, मग तो पाडायचा प्रयत्न करा

वहीत एका वाक्यात लिहा: "हे अमुक मोजायचं असावं." मग असं काहीतरी करून बघा की अंदाज चुकीचा असेल तर तो पडेल.

लालबागच्या कमानीचा अंदाज होता: सुताची ली अडकवून काउंट वाचायचा काटा. ली म्हणजे १२० यार्ड, लडीचा सातवा भाग. मिलमध्ये दीड यार्ड घेराच्या चाकावर सूत ८० वेळा गुंडाळून ती काढत. ७००० ग्रेनचा पौंड घेतला तर हिशोब सुटसुटीत होतो: १००० भागिले लीचं ग्रेनमधलं वजन म्हणजे काउंट. ग्रॅममध्ये ६४.८ भागिले वजन. म्हणजे ३.२४ ग्रॅमला काटा २० वर आणि १.६२ ला ४० वर थांबला पाहिजे. आम्ही शिवणाचा दोरा खिशातल्या काट्यावर तोलून तेवढा केला आणि अडकवला. पहिल्यांदा २० ऐवजी २३ आला. अंदाज पडला असं वाटलं. मग लक्षात आलं की पाय सपाट नव्हता. पायाखाली कागदाच्या घड्या सरकवून, मोकळा काटा कमानीच्या टोकावरच्या खुणेवर आणला आणि पुन्हा अडकवलं. २० आणि ४०, दोन्ही बरोबर.

तुमच्याकडे अशीच कमान असून आकडे जुळत नसतील तर दोन-तीन वजनं अडकवून, वजन गुणिले आकडा असा गुणाकार करा. तो प्रत्येक वेळी साधारण सारखाच आला तर काटा काउंटचाच आहे, फक्त लीऐवजी दुसऱ्या लांबीचा. त्या गुणाकाराला ०.५४ नं भागा, किती यार्डांसाठी आहे ते कळेल. गुणाकार प्रत्येक वेळी वेगळा आला तर अंदाज सोडून टप्पा ५ वर परत या.

इशारा: हलक्या वजनापासून सुरुवात करा. काटा जड फिरत असेल तर तेल सोडू नका आणि जोर लावू नका. तिथेच थांबा.

## टप्पा ८: बाहेर कुणाला दाखवायचं

आधी फोटो दाखवा, वस्तू नंतर. फोटोत पट्टी ठेवलेली असावी आणि स्केलचा एक फोटो अगदी समोरून असावा, तिरका नको. सूत-कापडाच्या वस्तूसाठी माटुंग्याच्या व्हीजेटीआयच्या टेक्स्टाइल विभागात विचारून बघा, हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीटवरचे जुने दुकानदार. चोर बाजारात जायचं तर "कितीला घ्याल?" म्हणू नका. किंमत विचारली की वस्तूचं नाव गिऱ्हाइकाला भावेल असं ठरतं, आणि तिथे सगळंच जहाजावरचं असतं.

परदेशातल्या मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर थांबा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्या.

## टप्पा ९: चिठ्ठी

शेवटी पेन्सिलीनं चिठ्ठी लिहा आणि दोऱ्यानं बांधा. चिकटपट्टी नको, रबर नको, पाच वर्षांत दोन्ही वितळून पितळेला चिकटतात. सिद्ध झालेलं आणि ऐकीव वेगवेगळं लिहा. लालबागच्या वस्तूला बांधलेली चिठ्ठी अशी आहे:

"सुताचा काउंट पाहायचा काटा. १२० यार्डांच्या लीसाठी. तपासलं: ३.२४ ग्रॅमला २०, १.६२ ला ४०. पाय समतल करूनच वापरणे. आजोबा स्पिनिंग खात्यात होते असं आत्या सांगते, कागद नाही. आकड्याला जुनं सूत आहे, काढू नये."